जखम मोजायची, पण जखमी कोण ते विचारायचे नाही



राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीचे काम निम्हान्सकडेच आहे, ही वार्ता विज्ञानवार्तांच्या वाचकांना नवी नाही. तिचे स्वागत करणाऱ्यांत मीही आहे. मात्र स्वागताबरोबर एक तक्रारही नोंदवायची आहे. तिला तीस वर्षांचा इतिहास आहे, त्यामुळे ती दोन ओळींत मावणार नाही. वाचण्याची सवड काढावी, ही विनंती.

मी बंगळूरच्या चिकपेटेत वाढलो. आमचे घर मराठी बोलणाऱ्या भावसारांचे. आजोबा रंगारी, वडिलांचे शिवणकामाचे दुकान. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि गिऱ्हाइकाशी त्याला समजेल ती भाषा. चिकपेटेपासून निम्हान्स चार-पाच किलोमीटरवर आहे. देशातील मानसिक आजारांची मोजदाद करणारी सर्वांत मोठी संस्था आमच्या इतक्या जवळ आहे. तरीही तिच्या मोजणीत माझ्यासारख्या माणसाला आजवर जागा नव्हती. मी समलिंगी पुरुष आहे आणि आता पन्नाशी ओलांडली आहे.

पहिल्या सर्वेक्षणापासून सुरुवात करतो. २०१५-१६ साली निम्हान्सने बारा राज्यांत ते केले. चौतीस हजारांहून अधिक प्रौढांशी संशोधक बोलले. त्यातून निघालेला आकडा धोरणकर्त्यांच्या तोंडी बसला आहे : प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार होता. हे काम परिश्रमाचे होते आणि उपयोगाचेही होते. ते मी नाकारत नाही. पण अहवालातील कोष्टके उघडून पाहा. माणसे दोनच प्रकारची आहेत, पुरुष आणि स्त्री. वय आहे, शिक्षण आहे, उत्पन्न आहे, शहर-खेडे आहे. लैंगिक कलाचा रकाना नाही. २०११ च्या जनगणनेने ‘इतर’ या सदरात देशभरात ४,८७,८०३ माणसे नोंदवली होती. त्यांत महाराष्ट्रातील ४०,८९१ आणि कर्नाटकातील २०,२६६. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नाल्सा निकालात पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केली होती. सर्वेक्षण त्यानंतरचे आहे. न्यायालयाने ज्यांना मान्यता दिली, त्यांच्यासाठी विज्ञानाने एक रकानाही काढला नाही.

रकाना नसणे ही कारकुनी चूक आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. हे सर्वेक्षण घरोघरी जाऊन केलेले होते. घरातून हाकलून दिलेला मुलगा कोणत्या घरात सापडणार? हमाममध्ये गुरूसोबत राहणाऱ्या हिजड्यांचे बिऱ्हाड कोणत्या कुटुंबाच्या यादीत येणार? आणि जी मुलगी अजून घरात आहे, ती सासू, दीर, नवरा शेजारच्या खोलीत असताना अनोळखी संशोधकाला काय सांगणार? पद्धतच अशी बेतलेली आहे की ज्यांच्यावर सर्वाधिक घाव पडले, ते चाळणीतून आधीच गळून जावेत.

आता मानसिक आघाताकडे येतो, कारण माझे भांडण मुख्यतः तेथे आहे. त्या सर्वेक्षणात आघातोत्तर ताणविकाराचे, म्हणजे पीटीएसडीचे, प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाले. फाळणी, दंगली, पूर, बलात्कार आणि जातीय अत्याचार सोसलेल्या या देशात इतके कमी का, हा प्रश्न अनेकांना पडावा. उत्तराचा एक भाग प्रश्नावलीतच आहे. सर्वेक्षणासाठी वापरलेल्या मुलाखतीत या विकाराच्या दाराशी एक पहिला प्रश्न उभा असतो : मृत्यू किंवा गंभीर इजा, किंवा त्यांची भीती, अशी एखादी घटना तुम्ही अनुभवली वा पाहिली आहे काय? उदाहरणे दिलेली असतात : अपघात, हल्ला, अपहरण, आग, युद्ध, नैसर्गिक आपत्ती. उत्तर ‘नाही’ आले की दार बंद. पुढचे प्रश्न विचारले जात नाहीत.

ज्याच्या जिवंतपणी आईने त्याच्या नावाने अंघोळ केली, तो या प्रश्नाला काय उत्तर देईल? ज्या मुलीचे लग्न तिची ‘सवय’ मोडण्यासाठी पंधरा दिवसांत उरकले गेले, ती कोणत्या उदाहरणावर बोट ठेवील? अपघात? आग? ती ‘नाही’ म्हणेल, आणि संशोधक पुढच्या पानाकडे वळेल. मग अहवालात लिहिले जाईल की तिला काही झालेले नव्हते.

माझ्यावर काय गुदरले ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा युक्तिवाद त्यावर उभा आहे. १९९० च्या दशकात, मी बावीस वर्षांचा असताना, थोरल्या भावाने मला शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर सौम्य बोलणारे होते. पडद्यावर पुरुषांची चित्रे दाखवायची आणि त्याच वेळी हाताला विजेचा हलका झटका द्यायचा. मग स्त्रीचे चित्र, आणि झटका नाही. असे सात महिने चालले. मी बरा झालो, असे मी स्वतःच एके दिवशी जाहीर केले, कारण दुसरा कोणता मार्ग उरला नव्हता. त्यानंतर वीस वर्षे कोणत्याही दवाखान्याचा वास आला की माझा उजवा हात आपोआप आखडत असे.

चाळिशीत धीर करून आघातावरील उपचार घ्यायला गेलो. समोरची थेरपिस्ट तरुण, अभ्यासू, मनाने चांगली. तिने घटनांची यादी माझ्या हाती दिली आणि म्हणाली, “यातली सर्वांत भयंकर घटना निवडा, आपण तिच्यावर काम करू.” यादी दोनदा वाचली. दवाखाना त्या यादीत नव्हता. ज्या पेशाने जखम केली त्याच पेशाने यादी बनवलेली होती; तिच्यात स्वतःचे नाव लिहायचे कोणाला सुचणार? पुढे तिने मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, “तो धोका आता संपला आहे. तुम्ही सुरक्षित आहात.” हे वाक्य तिने पुस्तकातून घेतले होते, आणि पुस्तकाप्रमाणे ते बरोबरही होते. पण त्या संध्याकाळी मला त्याच घरी परतायचे होते, आणि त्याच जिन्यावर तोच भाऊ भेटणार होता.

या एका वाक्यात माझी सारी तक्रार आहे. आघातावरील उपचारांचे आजचे शास्त्र कोठून आले ते पाहा. पीटीएसडी हे निदान १९८० साली अमेरिकी मनोविकार संघाच्या वर्गीकरणात आले. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची वेदना आणि बलात्कारपीडित स्त्रियांसाठी लढणाऱ्यांचा रेटा होता. एडना फोआ यांची स्मृतीला पुनःपुन्हा सामोरे जाण्याची पद्धत, पॅट्रिशिया रेसिक यांची आघाताभोवतीच्या विचारांची उजळणी करणारी पद्धत, फ्रान्सिन शपिरो यांची डोळ्यांच्या हालचालींची पद्धत, या सर्वांनी असंख्य माणसांना पुन्हा झोप मिळवून दिली आहे. त्यांचा मी ऋणी आहे. परंतु त्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे : घटना घडली, ती संपली, मन मात्र तिच्यात अडकून पडले आहे. मनाला समजावायचे की युद्ध संपले, तू घरी आहेस.

ज्याचे युद्ध घरातच चालू आहे, त्याला काय समजावणार? बसस्थानकावर रोज हटकले जाणाऱ्या हिजड्याची भीती हा विकार आहे की अनुभवातून आलेला शहाणपणा? २०११ साली कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घालून हिजड्यांवर नजर ठेवण्याचा अधिकार पोलिसांना देण्यात आला होता. त्या काळात बंगळूरच्या एखाद्या हिजड्याला ‘पोलिसांची अनाठायी भीती’ या लक्षणावर गुण द्यायचे झाले असते, तर ते कोणत्या हिशेबाने? जिवंत धोक्याला जुनी आठवण समजून उपचार केले, तर रुग्ण सावधपणा गमावतो आणि धोका जागच्या जागी राहतो.

हे उपचार आमच्यावर चालत नाहीत, असा माझा दावा नाही. चालतात की नाही हे पुरेसे कोणी पाहिलेच नाही, असा आहे. अमेरिकेतही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती : नैराश्य व चिंताविकारांवरील दोनशेहून अधिक चाचण्या तपासणारा एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सहभागींचा लैंगिक कल नोंदवणाऱ्या चाचण्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. तरी तेथे काही काम झाले आहे. इलान मायर यांनी २००३ साली अल्पसंख्याकांवरील ताणाचा सिद्धान्त मांडला. २०१० साली सुमारे चौतीस हजार अमेरिकी प्रौढांच्या माहितीवरून दिसले की समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींत पीटीएसडीचा धोका अधिक असतो, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे त्यांच्या वाट्याला येणारी हिंसा अधिक असते व ती लहान वयात येते. घाव जन्मजात स्वभावात नसून समाजाच्या हातात आहे, हे सांगणारा तो पुरावा होता. आणि विचारले म्हणूनच तो मिळाला. जॉन पाचांकिस यांनी २०१५ साली ६३ तरुण समलिंगी व उभयलिंगी पुरुषांवर त्यांच्यासाठीच बेतलेल्या उपचाराची चाचणी प्रसिद्ध केली. ६३ ही संख्या लहान आहे. पण ती शून्य नाही.

आता आपल्याकडच्या ग्रंथालयाकडे वळू या. भारतीय मनोविकारशास्त्राने आम्हांला कधी पाहिलेच नाही, हे म्हणणे खोटे ठरेल. पाहिले, आणि बारकाईने पाहिले. १९८२ साली इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्रीत वर्तनबदलाच्या तंत्राने समलैंगिकतेवर उपचार करण्याविषयीचा निबंध छापून आला. पुढच्याच वर्षी उपचार आणि त्यांचे फलित यांवर आणखी एक. म्हणजे आमचे प्रतिनिधित्व संशोधनात होते. ‘विकार’ म्हणून आम्ही नमुन्यात बसत होतो. ‘विकारमुक्त’ करण्याच्या खटाटोपात जखमी झालो, तेव्हा मात्र नमुन्यातून गळालो. ज्या हाताला झटका दिला त्याची नोंद आहे. तो हात नंतर वीस वर्षे आखडत राहिला, त्याची नोंद नाही.

ही नोंद कोणी केली असेल, तर ती बहुतेक संस्थांच्या बाहेरच्या माणसांनी. २००१ आणि २००३ साली पीयूसीएलच्या कर्नाटक शाखेने लैंगिक अल्पसंख्याकांवरील अत्याचारांचे अहवाल काढले. त्यांतील दुसरा बंगळूरच्या कोथी आणि हिजडा देहविक्रय करणाऱ्यांवर होता. त्यांत पोलीस चौकीतील मारहाण आहे, घरातील मारहाणही आहे. अरविंद नारायण आणि विनय चंद्रन यांनी याच शहरातील मनोविकारतज्ज्ञांशी बोलून ते समलैंगिकतेकडे कसे पाहतात हे लिहिले; पुढे २०१६ साली त्यांनी संपादित केलेला ‘नथिंग टू फिक्स’ हा ग्रंथ आला. पुण्याच्या बापू ट्रस्टमधून केतकी रानडे यांनी पश्चिम भारतातील ‘रूपांतर’ उपचारांचा शोध घेतला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. वकील, कार्यकर्ते आणि एखाददुसरा चिकाटीचा संशोधक यांनी जे टिपले, ते देशाच्या आघातसंशोधनाच्या मुख्य प्रवाहात का आले नाही?

यावर येणारी उत्तरे मला पाठ आहेत. एकेक घेतो.

पहिले : संख्या फार थोडी आहे. हे उत्तर ओळखीचे आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केले, तेव्हा हाच मुद्दा मांडला होता की असे लोक लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल मोडीत काढला. कायद्याने टाकून दिलेला युक्तिवाद विज्ञानाने उचलून खिशात घालावा, हे शोभत नाही. शिवाय विचारल्याशिवाय संख्या थोडी हे कळले कसे?

दुसरे : ही माणसे सापडत नाहीत. हे तर धादांत असत्य आहे. एचआयव्हीची भीती होती तेव्हा सरकारला आम्ही बरोबर सापडलो. कोणत्या बागेत, कोणत्या स्थानकामागे, किती वाजता, याचे नकाशे झाले. २००३ साली सुरू झालेल्या ‘आवाहन’ कार्यक्रमात कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. नाकोने २०१४-१५ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि हिजडा-पारलिंगी यांचे स्वतंत्र नमुने घेतले. वेंकटेशन चक्रपाणी यांच्यासारख्या संशोधकांनी नैराश्य, दारू आणि हिंसा यांची गाठ कशी पडते हेही दाखवले. पण त्या मोजमापाचे टोक शेवटी एचआयव्हीच्या जोखमीपाशीच आणून ठेवावे लागत होते, कारण पैसा त्याच खात्यातून येत होता. आमचे रक्त तपासायला आम्ही सापडतो, मन तपासायला सापडत नाही. आमच्यापासून इतरांना होणारा धोका मोजला गेला. इतरांपासून आम्हांला होणारा धोका मोजायचा राहिला.

तिसरे, आणि हे उत्तर मी आदराने घेतो : असा प्रश्न विचारणेच धोक्याचे आहे, उत्तर फुटले तर माणसाचा जीव जाईल. खरे आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत लैंगिक अल्पसंख्याकांचा समावेश असुरक्षित गटांत आहे, तो उगाच नाही. परंतु असुरक्षित म्हणजे अधिक जपून सामील करून घ्यायचे, वगळायचे नव्हे. गरोदर स्त्रिया, कैदी, मुले यांच्यावरही संशोधन होते, आणि त्यासाठी रीती घडवल्या गेल्या आहेत. एकांतात विचारा, उत्तर न देण्याची मुभा द्या, नाव वेगळे ठेवा, विचारणाऱ्याला आधी शिकवा. काळजीच्या नावाखाली मौन पाळले की संशोधकाची गैरसोय टळते. माणसाची सुरक्षितता त्याने वाढत नाही.

चौथे : जखम ती जखम, तिला लिंग नसते, कल नसतो. ऐकायला हे उदात्त वाटते. पण हृदयविकाराच्या संशोधनात दीर्घकाळ पुरुषच पाहिले गेले, आणि स्त्रियांची वेगळी लक्षणे उशिरा ध्यानी आली, हे विज्ञानवार्तांच्या वाचकाला ठाऊक असते. ‘सर्वांसाठी एकच’ या वाक्यातले ‘सर्व’ कोण होते, हे विचारणे हेही विज्ञानाचेच काम आहे.

कायदा या बाबतीत विज्ञानाच्या पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या अठराव्या कलमात लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. २०१८ साली, बंगळूरचेच डॉ. अजित भिडे अध्यक्ष असताना, भारतीय मनोविकार संघाने समलैंगिकता हा आजार नाही असे जाहीर केले. ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी ‘रूपांतर’ उपचारांना मनाई केली. त्याआधी, आपल्याला हा विषय कळत नाही हे उघड मान्य करून, ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञापुढे शिकायला बसले होते. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही २०२४ च्या ऑगस्टअखेर त्याच आयोगाच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक गुन्हे’ म्हणून पुन्हा अवतरले, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतले गेले. निकाल लागून सहा वर्षे होत आली, तरी जुना मजकूर कोणाच्या तरी संगणकात जसाच्या तसा होता. पुरावा नसलेल्या जागी जुने पूर्वग्रह असेच घर करून राहतात.

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडतो.

सर्वेक्षणात जन्मनोंदीतील लिंग आणि आजची लिंगओळख हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत, आणि लैंगिक कलाचा प्रश्न एकांतात, ऐच्छिक ठेवून विचारावा. घरोघरच्या नमुन्याला जोड म्हणून हमाम, निवारे आणि समुदायाच्या संस्थांमार्फत स्वतंत्र नमुना घ्यावा. ही रीत एचआयव्हीच्या कामात सिद्ध झालेली आहे. आघाताच्या यादीत घरातून हकालपट्टी, बळजबरीचे लग्न, पोलिसी छळ आणि ‘बरे करण्याचे’ उपचार यांना जागा द्यावी, आणि ती यादी कन्नड, मराठी, तमिळ, उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडच्या शब्दांत असावी. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक उपचार-चाचणीने कोण सहभागी झाले आणि कोण मधूनच सोडून गेले हे नोंदवावे. सोडून जाणारे बरेच काही सांगून जातात. नीतिसमित्यांत आणि संशोधकांच्या पथकांत आमची माणसे मानधन घेऊन बसावीत. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने २०१९ पासून समुपदेशकांना क्वीअर-स्नेही उपचाराचे प्रशिक्षण देऊन दाखवले आहे. तसे प्रशिक्षण सरकारी संस्थांतही सक्तीचे असावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन उचलणाऱ्यापासून त्याची सुरुवात व्हावी. आणि शेवटचे : १९८० च्या दशकातील त्या निबंधांवर आजच्या संपादकांनी टीप जोडावी. ते काढून टाकू नयेत. तेही पुरावेच आहेत. फक्त त्यांत ज्याला यश म्हटले होते त्याला आज काय म्हणतात, ते तेथे लिहावे.

आमच्या पेटेत चैत्र पौर्णिमेच्या रात्री करगा निघतो. धर्मराय स्वामींच्या देवळातून निघालेला वाहक हातात बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र आणि अंगावर साडी लेऊन, डोक्यावर द्रौपदीची शक्ती घेऊन गल्लीगल्लीतून जातो. लोक वाकून नमस्कार करतात. लहानपणी मी वडिलांच्या दुकानाच्या पायरीवरून ते पाहत असे. त्याच गल्लीला लागून असलेल्या तुळसी पार्कपासून टाउन हॉलपर्यंत पुढे अनेक वर्षे प्राइडचा मोर्चा निघाला. पहिल्यांदा त्यात चाललो तेव्हा त्याच पायरीवर भाऊ उभा होता. त्याने मान फिरवली. मागच्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला. आता त्याला जिन्यावरून मीच उतरवतो. आम्ही त्या सात महिन्यांविषयी कधी बोललेलो नाही. त्याच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, आणि त्यालाही हे विचारणारा कोणी भेटलेला नाही.

मतभेद असतील तर जरूर लिहा. विशेषतः संशोधन करणाऱ्यांनी लिहावे. मला सहानुभूती नको आहे, ती पुष्कळ मिळाली. मला नव्या सर्वेक्षणात एक रकाना हवा आहे. त्यात काय भरायचे ते आम्ही सांगू.